विणकर गल्लीतल्या टकळ्या

सोलापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस, १९३८

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते आधी बाजूला ठेवलं असशील आणि चहा पिऊन झाल्यावर मग फोडलं असशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाही. वैशाखात वैरागला आपलं वाजलं ते वाजलं. त्यातला माझा एकही शब्द मी मागे घेणार नाही, आणि तूही घ्यावास असं मला वाटत नाही. पण आज शाळेतून आले, चपला काढल्या आणि भिंतीला पाठ टेकून नुसती बसून राहिले. आईला वाटलं, आता हिला भोवळ येते. पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "काय गं, जीव बरा न्हाय व्हय?" मला हसूच फुटलं. किती महिन्यांनी जीव बरा होता, आणि नेमकं तेच तिला आजारपण वाटलं.

तर बातमी अशी, की आमच्या शाळेतल्या सूत कातायच्या टकळ्या गेल्या. पेटीत भरून, टांग्यावर घालून, नव्या पेठेतल्या मुलांच्या शाळेत गेल्या. आमचे वर्ग पुन्हा भरलेत, इतके की दुसरीच्या पोरींना सतरंजी पुरत नाही. आणि चौथीच्या पहिल्या रांगेत विणकर गल्लीतल्या शांतम्माची पोर अंबव्वा परत येऊन बसली आहे. यातल्या काही गोष्टी तुला माझ्या आधी कळल्या असतील. तरी गप वाच. मला त्या माझ्या तोंडानं सांगायच्या आहेत.

आधी ज्येष्ठातलं सांगते. शाळा उघडली त्या दिवशी आमच्या संस्थेचे चेअरमन श्रीमंतराव स्वतः आले, दारावर आंब्याची पानं लावून घेतली, आणि पाठोपाठ दोन टांगे आले. एकात टकळ्यांची पेटी, दुसऱ्यात कापसाच्या पेळूंची गाठोडी. नव्या पेठेत ज्यांचं कापडाचं दुकान आहे आणि जे दर आठवड्याला दुकानावर वेगळ्या रंगाचं निशाण लावायला तयार असतात तेच हे श्रीमंतराव, तुला सांगायला नकोच. आपलं मंत्रिमंडळ आल्यापासून त्यांनी रेशमी फेटा पेटीत ठेवला आणि पांढरी टोपी घातली. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, स्वतः उभे राहिले, एवढा मान मला नऊ-दहा वर्षांच्या नोकरीत कधी मिळाला नव्हता. म्हणाले, नव्या अभ्यासक्रमासाठी जिल्ह्यातल्या निवडक शाळांत तुमची पहिली. बाहेरचे सल्लागार येतील, मंत्री येतील, फोटो निघेल. विणकरांच्या मुली सूत कातताना दिसल्या म्हणजे सगळ्या देशाला दाखला होईल. आणि मग हळूच म्हणाले, तुमच्या बंधूंनीच पुण्याच्या समितीत तुमच्या शाळेचं नाव पुढं केलं, बाई, भाऊ असावा तर असा.

तू ते का केलंस हे मला कळत होतं. तुला वाटलं, बहिणीची शाळा मोठी होईल. तुरुंगात बसून तू सूत कातलंस, त्या सुतानं तुला तिथं सांभाळलं, हे तू मला किती वेळा सांगितलं आहेस. तुला ज्यानं सांभाळलं ते तू आमच्या पोरींना द्यायला निघालास. वैरागला काकांच्या घरी लग्नाच्या मांडवात मी तुला तेच सांगत होते, की दादा, या पोरींना सूत नवं नाही रे. तू म्हणालास, मी शब्द देऊन बसलोय, आणि शाळेच्या चाकरीनं तुझं मन बारीक झालंय. मग मीही बोलले. वऱ्हाडी जेवायचे थांबून बघत होते म्हणे.

तू कधी आमच्या गल्लीत पहाटे आला नाहीस. आलास तेव्हा दुपारी आलास, भाषण केलंस आणि गेलास. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत घराघरांतून रहाटांचा आवाज सुरू होतो. बाप मागावर बसायच्या आधी त्याला कांड्या भरून लागतात, म्हणजे धोट्यात घालायचं सूत छोट्या नळीवर गुंडाळून द्यायचं, आणि ते काम पोरींचं. पाच वर्षांची झाली की पोर रहाटापाशी बसली. अंबव्वा पहाटे बसते, शाळेच्या वेळेला उठते, शाळा सुटली की पुन्हा बसते. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर सुतानं पडलेली खाच आहे. त्या पोरींना शाळा म्हणजे काय वाटतं हे मला विचार. शाळा म्हणजे दिवसातली अशी जागा, जिथं हातात सूत नसतं. बस, एवढंच. बाराखडी, पाढे, गोष्टी हे सगळं त्यानंतर.

मी हे श्रीमंतरावांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, उलट छान, त्यांना येतंच आहे, म्हणजे फोटो चांगला येईल. मी शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटी साहेबांना सांगितलं. हे तेच डिपोटी, जे तीन वर्षांपूर्वी आमच्या पोरींकडून बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाची कविता म्हणवून घेत होते आणि एखादीनं ओळ चुकवली तर माझ्याकडे बघून मान हलवत होते. यंदा ते खादीच्या कोटात आले आणि मला सांगू लागले, हातानं काम केल्याशिवाय बुद्धी वाढत नाही. मी म्हटलं, साहेब, असं असतं तर या गल्लीत सगळे दिवाण झाले असते. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, मुख्याध्यापिकेचा उत्साह कमी. ते खोटं नव्हतं म्हणा.

पण खरी गंमत पुढं आहे. पेटी उतरवलेली सगळ्या गल्लीनं पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर पंधरा-वीस आया येऊन बसल्या, पुढं शांतम्मा. मला वाटलं, तक्रार घेऊन आल्या. तर नाही, सगळ्या खुशीत. शांतम्मा तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाई, सरकार शाळंत कारखाना काडलं की. मजुरी काय देनार?" मला आधी कळेना. मग कळलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. त्यांच्या गल्लीत कुणी पेटीभर सामान आणून पोरींना सुताला बसवलं, की त्याला एकच नाव. कारखानदार येतो, सामान देतो, पोरी काम करतात, शनिवारी हिशेब होतो. त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांनी तर आणखी दोन-दोन पोरी घेऊन यायची तयारी केली होती. शेजारची एक जण आपल्या सुनेलाही बसवता येईल का विचारत होती.

मी त्यांना समजावलं. मजुरी नाही, हे शिक्षण आहे. हातानं काम करता करता हिशेब शिकायचा, देश शिकायचा, असं सगळं, जे मला डिपोटींनी सांगितलं होतं ते. माझंच तोंड मला वेड्यासारखं वाटत होतं. शांतम्मानं सगळं नीट ऐकून घेतलं. तिचं तेलुगू वळणाचं मराठी तुला ऐकवायला हवं, ती रागावत नाही, फक्त हळू बोलते. म्हणाली, "फुकट सूत काडायचं तर घरात काय कमी हाय बाई? तितं निदान बापाचं काम तरी हुतंय." आणि उठली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या. भांडण नाही, शिव्या नाहीत. मला पाया पडून गेल्या.

आठवड्याभरात निम्म्या पोरी गेल्या. आषाढ संपेपर्यंत तिसरी-चौथीचे वर्ग मोडले. उरल्या त्या रेल्वेच्या चाळीतल्या आणि दोन पुजाऱ्याच्या. मी रोज शाळा सुटल्यावर गल्लीत फिरत होते. लोक पाट देत, चहा देत, माझ्याशी प्रेमानं बोलत, आणि पोर देत नसत. अंबव्वा रहाटापाशी बसलेली असायची. माझ्याकडे बघायची आणि पुन्हा सुताकडे बघायची. एकदा तिनं हळूच विचारलं, राजकन्येच्या गोष्टीचं पुढं काय झालं. आम्ही वाचनाच्या पुस्तकातली ती गोष्ट अर्धीच सोडली होती. मी तिथंच खाली बसून सांगायला लागले, तर तिचा बाप मागावरून म्हणाला, बाई, कांडी थांबली. मी उठले. दादा, त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात इतकं बोलले, की तुला पुण्यात उचकी लागली असेल.

कारण मला सारखी ती तुझी पाटी आठवत होती. माझं कुंकू गेलं तेव्हा मला लुगडंसुद्धा धड नेसता येत नव्हतं. सगळ्यांनी ठरवलं होतं, आता हिनं शेण काढायचं आणि जात्यावर बसायचं. तू बार्शीच्या बाजाराला गेलास आणि बैलाच्या घुंगुरमाळांऐवजी पाटी घेऊन आलास. भाऊकी दारात येऊन तुला बोलली, काकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू ओसरीवर माझ्या समोर बसून, बोट धरून, पहिला अ गिरवलास. त्यानंतर दर भाऊबीजेला तू पाटावर बसून मला ओवाळायला लावलंस. विधवेच्या हातून ओवाळून घेतो म्हणून लोक हसले, तू हसणाऱ्यांनाच फराळाला बोलावलंस. असा माझा भाऊ. आणि तोच आता शांतम्माच्या पोरीच्या हातातून पाटी काढून घेणार, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. मांडवात मी तुला तेच विचारलं होतं, आठवतं? तेव्हा तू माझ्या हातात टकळी दिली असतीस तर आज मी कुठं असते? तू उपरणं खांद्यावर टाकलंस आणि निघून गेलास.

मग पंचमी आली. दर वर्षी तू सोलापूरला येतोस, आईला आणि मला सर्व्हिस मोटारीतून वैरागला नेतोस, मळ्यातल्या बाभळीला झोका बांधतोस. यंदा आई सकाळपासून दारात. मोटारस्टँडवरून कुणी आलं की बघायची. संध्याकाळी तिनं पुरणाची दिंडं उकडली, तुझ्यासाठी चार झाकून ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भावासंगं कुनी आसं तोडतं व्हय गं? शाळा काय जनमभर पुरनार हाय?" मला वाटलं, तू रागानं आला नाहीस. मला वाटलं, मोठ्या माणसांत बसायला लागलास आणि आम्ही तुला नकोशा झालो. हे मी खरं सांगते आहे.

श्रावण संपताना श्रीमंतराव पुन्हा आले. या वेळी मला खुर्ची दिली नाही. मुली नाहीत तर ग्रँट नाही, ग्रँट नाही तर दिवाळीनंतर शाळेला कुलूप, आणि कुलूप लागलं तर मंत्र्यांपुढं त्यांचं नाक कापलं जाणार, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी तोडगाही आणला होता. सल्लागार येतील त्या दिवशी नव्या पेठेतून दुकानदारांच्या मुली टांग्यांत घालून आणायच्या, त्यांना विणकरांच्या पोरींसारखं सजवायचं आणि टकळ्या देऊन ओळीनं बसवायचं. मी म्हटलं, त्यांना टकळी धरता येणार नाही. ते म्हणाले, फोटोत कुठं कळतंय. मी सांगितलं, हे मी करणार नाही. मग दिवाळीनंतर दुसरी बाई बघावी लागेल, असं ते म्हणाले आणि गेले. मी आईला काही सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं, कारण त्या दिवसापासून ती भाकरी करताना आपल्याच पानातली अर्धी कमी करायला लागली. म्हणजे आधीच काटकसर सुरू.

आणि मग भाई आले. गुजरातेतले, उंच, अनवाणी चालणारे, ज्यांनी कुठल्या कुठल्या प्रांतांत ही नवी शाळा उभी केली ते सल्लागार. आम्हाला सांगितलं होतं, अकरा वाजता येतील. श्रीमंतराव हार घेऊन दारात, डिपोटी रुमालानं मान पुसताहेत, आणि मी आत माझ्या सोळा पोरींना घेऊन बसलेली. नव्या पेठेतल्या मुली टांग्यांतून आत आल्या नव्हत्या, कारण सकाळीच मी दार अडवलं होतं. मी ठरवलं होतं, जे आहे ते दाखवायचं. शाळा बंद झाली तर खरी शाळा बंद होऊ दे. अकरा वाजले, साडेअकरा झाले. श्रीमंतरावांनी स्टेशनवर माणूस पाठवला. तो धापा टाकत परत आला आणि म्हणाला, सायब तर पहाटच्याच गाडीनं आल्यात, आनि विणकर गल्लीत बसल्यात.

पहाटेपासून बसले होते. शांतम्माच्या घरी, रहाटाशेजारी, जमिनीवर. तिनं त्यांना कडक भाकरी आणि शेंगांची चटणी दिली, आणि भाईंना तिखट इतकं लागलं, की अर्धी घागर पाणी प्यायले, असं नंतर सगळी गल्ली सांगत होती. त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही, काही लिहून घेतलं नाही. अंबव्वा कांड्या भरत होती ते बघत बसले. मग त्यांनी तिला विचारलं, शाळेत का जात नाहीस. ती म्हणाली, तितं पन सूतच हाय की. मग त्यांनी विचारलं, सूत नसलं तर काय करायला आवडेल. पोरगी लाजली, आईच्या पदरामागे गेली आणि तिथून म्हणाली, "गोष्ट वाचाया. पुढं काय झालं ते बाई सांगंना."

हे मला भाईंनीच सांगितलं. बाराच्या पुढं ते शाळेत आले, श्रीमंतरावांचा हार हातात घेतला आणि माझ्या टेबलावर ठेवला. वर्गात माझ्या सोळा पोरी मोजक्या दिसत होत्या. मी उभी राहून बोलायला लागले, सकाळपासून घोकलेलं सगळं. त्यांनी हात वर केला आणि मोडक्या मराठीत म्हणाले, बाई, बसा, मी बघून आलो. मला खरंच बसावं लागलं रे. इतके महिने जे मी सगळ्यांना ओरडून सांगत होते, ते त्या माणसानं भाकरी खाता खाता बघून घेतलं होतं.

संध्याकाळी त्यांनी श्रीमंतरावांना आणि डिपोटींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. ज्या मुलाच्या हाताला काम माहीत नाही, त्याला काम द्यायचं, म्हणून ही योजना. ज्याचा हात कामातच वाढलाय, त्याला पुस्तक द्या, चित्र द्या, माती द्या, खेळ द्या, दुसरं काहीही द्या. टकळ्या दुकानदारांच्या मुलांच्या शाळेत न्या, तिथं त्यांची खरी गरज आहे. श्रीमंतराव म्हणाले, पण फोटो? भाई म्हणाले, नव्या पेठेत काढा, उजेडही तिथं चांगला आहे. डिपोटींनी लगेच मान डोलावली, जणू त्यांच्या मनात पहिल्यापासून हेच होतं. शेरेबुकात आता लिहिलंय, मुख्याध्यापिका अनुभवी. श्रीमंतरावांचा नातू नव्या पेठेच्या शाळेत आहे, परवा ते मला रस्त्यात भेटले आणि पोरगं घरी येऊन आजीच्या उशीतला कापूस काढून कातत बसतं म्हणून रडगाणं गायले. मी म्हटलं, बुद्धी वाढेल. तुझ्या योजनेत दम आहे रे दादा, फक्त ती कुणाच्या दारी उतरवायची एवढंच बघायला हवं होतं.

आमच्या वाट्याला परसबाग आली. विहिरीच्या कडेला वाफे केले, मेथी पेरली, ती उगवली आणि शेजारच्या तिप्पण्णाच्या शेळ्यांनी एका दुपारात खाऊन टाकली. पोरी आधी रडल्या आणि मग इतक्या हसल्या, की मला ओरडायचं सुचेना. आता कुंपण घालताहेत. पण पहिल्या दिवशी काय झालं ते ऐक. पेटी टांग्यावर चढवताना गल्ली पुन्हा बघत होती. टांगा वळणावरून दिसेनासा झाला आणि शांतम्मा अंबव्वाचा हात धरून आली. मागे बाकीच्या. शांतम्मानं दारातून आत डोकावून पाहिलं, कोपरे पाहिले, कपाटाकडे पाहिलं, आणि मग पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं. अंबव्वा आपल्या जागी बसली. मी पुस्तक काढलं, राजकन्येची गोष्ट जिथं सोडली होती तिथून उघडलं आणि तिच्या पुढं ठेवलं. या वेळी मी सांगायच्या ऐवजी तिलाच वाचायला सांगितलं. तिनं बोट ठेवून, अडखळत, शेवटपर्यंत वाचलं, आणि दारात उभ्या असलेल्या बायांपैकी एकही हलली नाही.

आता शेवटचं, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. भाई निघाले तेव्हा मी स्टेशनवर पोचवायला गेले. गाडीला वेळ होता. मी सहज विचारलं, तुम्हाला आधी गल्लीत जायचं कसं सुचलं? ते म्हणाले, मला नाही सुचलं, तुमच्या भावाला सुचलं. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मग त्यांनी सांगितलं. ज्येष्ठातच, लग्नाहून परत गेल्यावर, तू समितीत उभा राहिलास आणि मीच पुढं केलेलं नाव मागे घ्या म्हणालास. तू म्हणालास, "मी माझ्या बहिणीच्या हातात पाटी दिली म्हणून ती आज बाई झाली. त्या गल्लीतल्या पोरींच्या हातात सूत जन्मापासून आहे. त्यांना तेच परत देऊ नका." मग कुणीतरी टोमणा मारला, की बहिणीच्या नोकरीसाठी चाललंय हे. तू तिथंच समिती सोडलीस, भाईंना एवढंच सांगितलंस की माझं ऐकू नका, पहाटे जाऊन स्वतः बघा, आणि माझ्या बहिणीला यातलं काही कळू देऊ नका. चार महिने तू पुण्यात खादी भांडारात बसून आहेस, आणि पंचमीला आला नाहीस तो रागानं नव्हे, आमच्यापुढं रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून, हे मला आता कळतंय. वेडा आहेस तू, दादा. गाडी सुटली तरी मी फलाटावर उभी होते, आणि एक हमाल मला विचारत होता, बाई, कुणी चुकलं का तुमचं.

कुणी चुकलं नाही. भाऊबीजेला ये. आईनं तुझा पाट घासून ठेवलाय, आणि दिंडं नसली तरी करंज्या आहेत. दर वर्षी तू तुझ्या हातानं कातलेल्या सुताचा खण मला ओवाळणीत घालतोस आणि मी तो जाड आहे, खाजतो, म्हणून नाकं मुरडते. यंदाही तोच आण, दुसरं काही आणलंस तर दारातून परत पाठवीन. शिवून ठेवीन आणि दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी घालून जाईन. शाळेत कातायचं नाही म्हटलं होतं मी, घालायचं नाही असं कुठं म्हटलं होतं?

तुझीच, मांडवात भांडलेली आणि वाट पाहणारी,
गोजर